गाडीचे पोट आणि वाटेतला दगड

वर्गातल्या मुलांना मोटारगाडीचे चित्र काढायला सांगितले, तर ती चाके काढतात, दिवे काढतात, काचा काढतात. गाडी खालून कशी दिसते ते कोणी काढत नाही. ती बाजू पाहण्याची वेळ सहसा फक्त गॅरेजवाल्यावर येते. पण गाडीचे मर्मस्थान तिथेच आहे. इंजिनाच्या तळाशी तेलाचे एक उथळ भांडे लावलेले असते. पुस्तकांत त्याला संप म्हणतात, आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात. ते बहुधा पातळ पत्र्याचे किंवा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असते. त्यात काही लिटर तेल असते आणि एक पंप ते सतत इंजिनाच्या फिरत्या भागांपर्यंत पोचवत असतो. दगड लागून चेंबर फुटला की तेल वाहून जाते, धातूवर धातू कोरडा घासू लागतो आणि चालू ठेवलेले इंजिन काही मिनिटांत जाम होते.

हमरस्त्यावर असे झाले तर खिशाला भुर्दंड पडतो, एवढेच. वाळवंटात, वस्तीपासून शंभर किलोमीटरवर, पाणी आणि सावली नसलेल्या जागी तेच झाले तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका इथल्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्या पिकअप ट्रकच्या पोटाखाली जाड धातूचे पत्रे बसवतात. इंजिनाखाली एक, गिअरबॉक्सखाली एक, इंधनाच्या टाकीखाली एक. या पत्र्याला 'स्किड प्लेट' म्हणतात.

नाव लक्ष देण्यासारखे आहे. स्किड म्हणजे घसरणे. जड वस्तू ज्यावरून सरकवत न्यायची ते लाकूड, असाही या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ आहे. संरक्षण करणाऱ्या पत्र्याला ढाल किंवा चिलखत न म्हणता घसरण्यावरून नाव का मिळाले? उत्तरासाठी मोटारीच्याही मागे, जहाजांच्या काळात जावे लागेल, कारण तळ घासण्याची भीती माणसाला मोटारीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

जहाजाचा खोटा कणा

लाकडी जहाजाच्या तळाशी, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, एक भक्कम तुळई जाते. हा जहाजाचा कणा. साऱ्या फासळ्या त्यावर बेतलेल्या असतात. कणा मोडला तर जहाज संपले. म्हणून सुतार मूळ कण्याखाली लाकडाची आणखी एक पट्टी ठोकत. तिला 'खोटा कणा' म्हणत. जहाज उथळ पाण्यात टेकले तर झीज त्या पट्टीची व्हावी, प्रसंगी ती निघूनही जावी, पण मूळ कणा शाबूत राहावा, हा हेतू.

११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन जेम्स कुक यांचे 'एंडेव्हर' हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. जवळजवळ एक दिवस ते तिथे अडकून पडले. तोफा आणि जड सामान समुद्रात फेकून ते सुटले. पुढे एका नदीच्या मुखाशी जहाज कलते करून तळ पाहिला, तेव्हा खोट्या कण्याचा बराच भाग निघून गेलेला होता. तळाला मोठे भोकही पडले होते, आणि त्यात प्रवाळाचाच एक तुकडा बुचासारखा अडकून बसला होता. ते बूच हा नशिबाचा भाग म्हणता येईल. खोटा कणा मात्र विचारपूर्वक केलेली योजना होती. महत्त्वाच्या भागाखाली झिजणारा आणि बदलता येणारा दुसरा भाग ठेवायचा, हे तत्त्व तिथे स्पष्ट दिसते.

उंचीची मर्यादा

मोटारी आल्या तेव्हा रस्ते बैलगाड्यांचे आणि घोडागाड्यांचे होते. दगडापासून पोट वाचवायचा पहिला उपाय सरळ होता: गाडी उंच करा. १९०८ साली बाजारात आलेली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' मोठ्या चाकांवर उंच उभी असे. तिच्या आसांखाली सुमारे २५ सेंटीमीटर जागा मोकळी राही. चिखलाने भरलेल्या अमेरिकन वाटांवर ती चालली, त्याचे हे एक मोठे कारण होते.

पण उंची फुकट मिळत नाही. गाडी जितकी उंच, तितका तिचा गुरुत्वमध्य उंच आणि वळणावर कलंडण्याचा धोका जास्त. वेग वाढू लागले तशा गाड्या खाली येत गेल्या. शिवाय दगडाच्या उंचीला काही मर्यादा नसते. पाव मीटर जागा ठेवली तर वाटेत तीस सेंटीमीटरचा दगड कधीतरी येणारच. तो आल्यावर काय करायचे, हा प्रश्न उरलाच.

१९४० सालच्या दोन गाड्या

या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दुसऱ्या महायुद्धात एकमेकांसमोर उभी राहिली. जर्मन सैन्यासाठी फर्डिनांड पोर्श यांच्या कचेरीने फोल्क्सवागेनच्या सांगाड्यावर 'क्युबेलवागेन' ही हलकी गाडी तयार केली. १९४० पासून तिचे मोठे उत्पादन सुरू झाले. तिची फक्त मागची दोन चाके इंजिनाने फिरत. कागदावर ही मोठी उणीव होती. तरीही वाळूत आणि चिखलात ती अपेक्षेपेक्षा चांगली चाले. वजन कमी, इंजिनाचा भार चालत्या चाकांवर, आणि खालची बाजू सपाट व गुळगुळीत. चाके रुतून पोट जमिनीला टेकले, तरी गाडी बर्फावरच्या घसरगाडीसारखी पुढे सरके.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९४० मध्ये, अमेरिकेत बॅन्टम कंपनीने सैन्याला आपली पहिली छोटी गाडी तपासणीसाठी दिली. तिच्यातून पुढे विलीज आणि फोर्ड यांनी लाखोंच्या संख्येने बनवलेली 'जीप' आली. जीपची चारही चाके इंजिनाने फिरत. त्यासाठी गिअरबॉक्सला लागून आणखी एक पेटी हवी, जी फिरण्याची शक्ती पुढच्या आणि मागच्या आसांत वाटून देते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती गाडीच्या मध्यावर आणि बरीच खाली येते. म्हणजे गाडी अवघड जागी नेण्यासाठी जो भाग वाढवला, तोच अवघड जागी दगडाला लागणार! यावर उपाय म्हणून जीपच्या मधल्या आडव्या तुळईखाली पोलादी स्किड प्लेट लावलेली होती. क्युबेलवागेनचे सगळे पोट जे काम करी, ते काम जीपमध्ये एका पत्र्यावर सोपवलेले होते.

आपल्याकडे या घराण्याची ओळख लवकर झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढची कित्येक दशके सरकारी खात्यांत आणि खेडोपाडी जी जीप दिसे, तिची वंशावळ ही अशी आहे.

शर्यतींनी शिकवलेले धडे

युद्धानंतर या विषयाची प्रयोगशाळा झाल्या त्या लांब पल्ल्याच्या शर्यती. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली 'मिनी' ही इवलीशी गाडी आली. जागा वाचवण्यासाठी त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाखाली, चेंबरमध्येच बसवला. दोघांना तेल एकच. चाके फक्त दहा इंची. शहरात ही युक्ती झकास होती, पण खडकाळ वाटेवर एका दगडाने इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही निकामी होण्याची सोय झाली. म्हणून शर्यतीच्या मिनींना इंजिनाखाली जाड रक्षकपत्रा, म्हणजे 'संप गार्ड', लावत. १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लोची शर्यत मिनीने जिंकली. त्या यशाचे श्रेय चालकांना आणि इंजिनाला मिळाले, पण त्या गाड्यांच्या पोटाखाली पत्रा होता हेही लक्षात ठेवले पाहिजे.

अशा शर्यतींपैकी एक आपल्या दारावरून गेली. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून त्या दिल्लीमार्गे मुंबईला आल्या आणि मुंबई बंदरातून 'चुसान' जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. शर्यत जिंकली ती हिलमन हंटर या साध्या कुटुंबवत्सल गाडीने. इतक्या लांबच्या शर्यतीत सर्वांत वेगवान गाडी पहिली येते असे नाही. शेवटपर्यंत न मोडणारी गाडी पुढे राहते.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६७ च्या नोव्हेंबरात, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी सुमारे १,३५० किलोमीटरची शर्यत झाली. हीच पुढे 'बाहा १०००' म्हणून गाजली. पहिली शर्यत २७ तास ३८ मिनिटांत जिंकली ती मायर्स मँक्स या गाडीने. ही गाडी म्हणजे फोल्क्सवागेनचा सांगाडा सुमारे ३६ सेंटीमीटरने आखूड करून त्यावर फायबरग्लासचे अंग बसवलेले. म्हणजे क्युबेलवागेनचीच चुलत बहीण! हलकी, आखूड आणि खालून सपाट. पुढे या वाटांवर मोठे पिकअप ट्रकही धावू लागले. त्यांना हे तिन्ही गुण जन्मतः नव्हते. त्यातला एक, सपाट पोट, बाहेरून बसवता येण्याजोगा होता.

पिकअपची अडचण: थोडी भूमिती

पिकअप ट्रकला पत्र्याची गरज जीपपेक्षा जास्त का, हे दहावीच्या त्रिकोणमितीने कळते. एखाद्या उंचवट्याच्या माथ्यावर गाडी चढली की पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे, अशी स्थिती येते. पोट माथ्याला लागणार की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते: पोटाची उंची उ आणि पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर ल. चाकांची त्रिज्या हिशेबात न घेता, दोन्ही चाके जमिनीला टेकतात त्या बिंदूंपासून पोटाच्या मध्यापर्यंत रेषा काढा. प्रत्येक रेषेचा जमिनीशी होणारा कोन ज्याचा टॅन्जन्ट २उ/ल आहे तो. त्याच्या दुप्पट कोनाचा उंचवटा गाडी पोट न घासता ओलांडू शकते.

दोन्ही गाड्यांचे पोट जमिनीपासून २२ सेंटीमीटर आहे असे धरू. युद्धकाळातल्या जीपच्या आसांमधले अंतर ८० इंच, म्हणजे २.०३ मीटर. कोन येतो सुमारे २४ अंश. मध्यम आकाराच्या, चार दारांच्या पिकअपमध्ये हे अंतर ३.१ मीटरच्या आसपास असते. कोन येतो १६ अंश. मोठ्या अमेरिकन पिकअपमध्ये ते ३.७ मीटर धरले, तर साडेतेरा अंश. उंची तीच, पण गाडी लांब झाल्यामुळे पोट लवकर टेकते. पिकअप लांबच असणार, कारण मागे माल ठेवायचा हौदा हवा. तेव्हा पिकअपच्या बाबतीत पोट टेकणे हा अपघात म्हणता येत नाही. ते कधी ना कधी होणारच हे धरूनच तयारी करावी लागते.

ढाल की उतार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोट दगडाला लागणारच असेल, तर पत्रा नुसता जाड असून भागेल का?

समजा, दगडावर गाडीचा काही भार आला आहे आणि गाडी पुढे ढकलली जात आहे. पत्र्याची पुढची बाजू जमिनीशी जो कोन करते त्यावरून दगड सरकणार आहे. पत्रा आणि दगड यांच्यातला घर्षणांक ०.५ धरला, तर घर्षणकोन साडेसव्वीस अंश होतो. उतारावर चढण्यासाठी लागणारे आडवे बल हे भाराच्या 'उताराचा कोन अधिक घर्षणकोन' यांच्या बेरजेच्या टॅन्जन्टपट असते. पत्रा २० अंशांनी कलता असेल तर भाराइतकेच बल पुरते. ३० अंशांना दीडपट लागते. ६० अंशांना जवळजवळ सतरापट! आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या आसपास कितीही जोर लावला तरी गाडी सरकत नाही, दगडात अडकते. मग एक तर दगड हलतो, नाही तर पत्रा फाटतो.

म्हणजे उभा, कितीही जाड पत्रा ढालीसारखा दगडाला अडवू पाहतो आणि सगळा धक्का स्वतःवर घेतो. कमी कोनात वाकवलेला, मध्यम जाडीचा पत्रा गाडीला दगडावरून अलगद वर उचलतो. नावातले 'घसरणे' इथे कामाला येते.

बसवताना काय पाहतात

पत्रा बसवण्याचे बहुतेक नियम याच विचारातून आले आहेत.

पहिला नियम, पत्रा चासीला बसवायचा. चेंबरला किंवा गिअरबॉक्सला तो टेकता कामा नये. पत्र्याने घेतलेले बल कुठेतरी पोचतेच. ते चासीच्या जाड तुळयांपर्यंत गेले तर ठीक. पत्रा चेंबरला टेकला असेल तर दगडाचा घाव पत्र्यातून चेंबरलाच बसतो.

दुसरा, पत्रा आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा हवी. समजा एक टन भार दहा सेंटीमीटरवरून दगडावर आदळला. पत्रा एका सेंटीमीटरातच त्याला थांबवत असेल, तर सरासरी अकरा टन वजनाइतके बल लागते. पाच सेंटीमीटर वाकायला वाव असेल तर तीन टन पुरते. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घेतात, तोच प्रकार.

तिसरा, एकापेक्षा जास्त पत्रे असतील तर ते कौलांसारखे रचायचे. पाणी वरून खाली येते म्हणून वरचे कौल खालच्या कौलावर चढवतात. गाडी पुढे जाताना दगड पुढून मागे सरकतो, म्हणून पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्या पत्र्याच्या खाली, म्हणजे दगडाच्या बाजूला, यायला हवी. उलट लावले तर कड दगडात अडकते. अर्थात गाडी मागे घेताना हीच रचना उलटी पडते, हे चालकाने ध्यानात ठेवायचे. बोल्टची डोकी पत्र्यात बुडवलेली किंवा आडोशाला असावीत, नाही तर दगड ती कापून काढतो.

चौथा नियम उष्णतेचा. पोटाखाली हवा खेळायला हवी, म्हणून पत्र्याला झरोके असतात. तेल बदलण्यासाठीही भोक लागते, नाही तर दर वेळी पत्रा उतरवावा लागतो. वाळलेले गवत पत्रा आणि तापलेला धुराचा पाइप यांच्यात साठले तर पेट घेऊ शकते. चिखल साठला तर ओल धरून गंज चढतो. बसवलेला पत्रा अधूनमधून धुऊन, बोल्ट पुन्हा आवळून पाहावा लागतो. आणि हे सगळे काम गाडी भक्कम घोड्यांवर टेकवूनच करायचे असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे चेंबर वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणे.

धातू कोणता? पाच मिलिमीटर जाड पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे ३९ किलो भरतो. अ‍ॅल्युमिनियमची लवचिकता पोलादाच्या तिप्पट, म्हणून तितकाच ताठ पत्रा हवा तर जाडी सुमारे १.४४ पट घ्यावी लागते. तरी वजन निम्मेच होते. मात्र अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. दगड त्यात रुततो आणि चरे पाडतो, तर पोलाद दगडावरून सहज सरकते. शर्यतीत वजन महत्त्वाचे, खडकावरच्या संथ चालीत सरकणे महत्त्वाचे. निवड त्यावर ठरते.

तेलाच्या जागी बॅटरी

विजेच्या गाड्यांत चेंबरच नाही, मग हा इतिहास संपला का? २०१३ साली याचे उत्तर मिळाले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळ टेस्ला कंपनीची एक मोटार रस्त्यावर पडलेल्या लोखंडी तुकड्यावरून गेली. गाडीच्या तळाशी पसरलेल्या बॅटरीखाली पाव इंच जाडीचे चिलखत होते. तुकड्याचे एक टोक रस्त्यात रुतले आणि तो तरफेसारखा उभा राहिला. कंपनीच्या अंदाजानुसार पंचवीस टनांच्या बलाने त्याने चिलखताला तीन इंच व्यासाचे भोक पाडले. गाडी पेटली. चालक सुखरूप बाहेर पडला. पुढच्या महिन्यात टेनेसी राज्यात अशीच आणखी एक घटना झाली.

मार्च २०१४ मध्ये कंपनीने उपाय जाहीर केला. पुढे अ‍ॅल्युमिनियमची एक पोकळ गोलसर दांडी, तिच्यामागे टायटॅनियमचा पत्रा आणि शेवटी कमी कोनाचा भरीव अ‍ॅल्युमिनियमचा भाग. दांडीने वस्तू बाजूला सारायची किंवा बॅटरीच्या बरीच अलीकडे उभी राहू द्यायची, आणि ती हलेनाच तर शेवटच्या उतारावरून गाडीनेच तिच्यावर चढून पलीकडे जायचे. नुसते चिलखत जाड करण्याऐवजी त्यांनी उतार दिला. २०२१ पासून अमेरिकेत विजेवर चालणारे पिकअपही विकले जाऊ लागले. त्यांच्या पोटाखाली काही किलो तेलाऐवजी शेकडो किलोंची बॅटरी असते. पत्र्याची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

वर्गात करून पाहा

हा सगळा विषय एका ट्रेमध्ये मावतो. ट्रेमध्ये वाळू आणि खडी पसरा. सारख्याच वजनाचे दोन ठोकळे घ्या. एकाच्या तळाशी, ठोकळ्याच्या पुढच्या कडेला संपणारी सपाट पत्र्याची पट्टी लावा, दुसऱ्याच्या पट्टीची पुढची कड वीस अंश वर वाकवा. दोन्ही स्प्रिंगच्या तराजूने ओढा आणि आकडे लिहा. मग कड तीस, पंचेचाळीस, साठ अंश करत जा. आकडे एका ठिकाणी एकदम उसळी मारतील. तो कोन कुठला येतो, तो वर काढलेल्या गणिताशी जुळतो का, आणि जुळत नसेल तर तुमच्या खडीचा घर्षणांक किती असला पाहिजे, हे मुलांनाच काढू द्या. शेवटी एक ठोकळा उलट्या दिशेने ओढायला सांगा, आणि गाडी मागे घेताना काय होत असेल ते त्यांना विचारा.